आघात कुठे द्यायचा?

फ्रेंच शब्दांची अक्षरं कशी तोडायची, हे मी मुलांना ठाणे ते कल्याण या मार्गावर शिकवते. गाडीत बसून नव्हे. डोंबिवली पूर्वेच्या माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत, फळ्यावर स्टेशनांची नावं लिहून.

माझ्याकडे येणारी मुलं अकरावी-बारावीची, बहुतेक सायन्सची. फ्रेंचच्या प्रेमात पडून कुणी येत नाही. ‘स्कोअरिंग आहे’ म्हणून येतात. त्यांना पॅरिसपेक्षा मुंब्रा जवळचा, म्हणून मी मुंब्र्यापासूनच सुरू करते.

नियम तसे सोपे आहेत. दोन स्वरांच्या मध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराकडे जातं. दिवा: दि-वा. फ्रेंचमध्ये ‘कामाराद’ म्हणजे सोबती: का-मा-राद. दोन व्यंजनं असतील तर एक मागे राहतं, एक पुढे जातं. कळवा लिहिताना तीन अक्षरं, बोलताना दोनच: कळ्-वा. तसंच ‘पार्तीर’, म्हणजे निघणं: पार्-तीर. दुसरं व्यंजन र किंवा ल असेल तर मात्र जोडी सहसा फुटत नाही. मुंब्रा: मुं-ब्रा. ‘ताब्लो’, म्हणजे चित्र किंवा फळा: ता-ब्लो. पण र आणि ल शेजारी आले की त्यांचं पटत नाही, ते वेगळे होतात. ठाकुर्ली: ठा-कुर्-ली. ‘पार्ले’, म्हणजे बोलणं: पार्-ले. इथे दरवर्षी कुणीतरी बिस्किटाचा विनोद करतं, आणि दरवर्षी सगळे हसतात.

मग आपलं स्टेशन. डोंबिवली लिहायला चार अक्षरं, बोलायला तीन: डों-बिव्-ली. ‘व’मधला अ आपण गिळून टाकतो. फ्रेंच लोकही शब्दातला मुका ‘ए’ असाच गिळतात. शनिवारचा ‘सामेदी’ तोंडात ‘साम्-दी’ होतो. मुलांना हे फार आवडतं. आपण जे रोज नकळत करतो त्याला परदेशात नियम म्हणतात, हे कळलं की माणूस जरा ताठ बसतो.

यानंतर मी आघाताकडे येते, आणि गेल्या वर्षीपासून तिथे आले की माझा आवाज थोडा खाली जातो. का, ते सांगते.

*

मराठीत ‘आघात’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. व्याकरणात आघात म्हणजे बोलताना एखाद्या अक्षरावर येणारा जोर. व्याकरणाबाहेर आघात म्हणजे फटका, जखम, अचानक कोसळलेलं दुःख. एकच शब्द दोन्ही कामं करतो, आणि आपल्याला त्यात काही विचित्र वाटत नाही.

इंग्रजीत आघात शब्दाच्या पोटात असतो. ‘रेकॉर्ड’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर दिला तर ते नाम, दुसऱ्यावर दिला तर क्रियापद. फ्रेंचमध्ये असं होत नाही. तिथे शब्दाला स्वतःचा आघात जवळजवळ नसतोच. सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनानं चालतात आणि जोर येतो तो एका दमात बोललेल्या शब्दगटाच्या शेवटच्या अक्षरावर. ‘मेझों’ म्हणजे घर. एकटा उच्चारला तर जोर ‘झों’वर. ‘मेझों ब्लाँश’, पांढरं घर, म्हटलं की जोर उठून ‘ब्लाँश’वर जातो आणि ‘मेझों’ हलका होतो. वाक्य जिथे टेकतं, तिथे वजन पडतं.

शब्दांच्या सीमाही बोलताना राहत नाहीत. ‘मुलं’ या अर्थाचे ‘ले’ आणि ‘आँफाँ’ हे दोन शब्द एकत्र आले की ले-झाँ-फाँ होतात. पहिल्या शब्दाचं एरवी मुकं असलेलं शेवटचं व्यंजन जागं होतं आणि दुसऱ्याच्या दारात जाऊन बसतं. म्हणून नवख्या माणसाला फ्रेंच ऐकताना शब्द सापडत नाहीत, नुसती माळ ऐकू येते.

ही माळ माझ्या वर्गात सगळ्यात सुंदर ओवायची ती दिव्याहून येणारी एक मुलगी. बाकीची मुलं इंग्रजीच्या सवयीनं प्रत्येक शब्दावर हातोडा मारत चालायची. ती मात्र पहिल्या महिन्यातच उतारा असा वाचायला लागली की मी पुस्तक मिटून ऐकत बसायचे. तिचं चुकायचंही. मी म्हणायचे, ‘‘इथे नाही गं, पुढे, शेवटी जोर दे.’’ ती खळखळून हसायची आणि पुन्हा वाचायची.

एकदा ती वर्गात उशिरा आली. मी विचारलं, का गं उशीर? ती म्हणाली, ‘‘मॅम, सकालपासून नलाला पानी नव्हता, म्हणून...’’

आणि मी म्हणाले, ‘‘पाणी. नळाला पाणी नव्हतं.’’

मी रागावले नव्हते. फ्रेंच दुरुस्त करते त्याच आवाजात म्हणाले होते, असं मला अजूनही वाटतं. पण मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं. ती बसली. वाक्य अर्धंच राहिलं. त्यानंतर जवळजवळ महिनाभर ती वर्गात मराठीत बोललीच नाही. प्रश्नाला उत्तर फ्रेंचमध्ये, नाहीतर मान हलवून. आणि कधी अगदी बोलावंच लागलं तर ‘ण’ इतका जोरात यायचा की जिथे नको तिथेही यायचा. ‘मन’चं ‘मण’ व्हायचं.

त्याच मुलीला, त्याच खोलीत, त्याच आवाजात मी शंभर वेळा दुरुस्त केलं होतं. शंभर वेळा ती हसली. एकदा गप्प झाली. फरक कुठे पडला?

*

पहिलं उत्तर सोपं आहे. फ्रेंच आमच्या दोघींची नव्हती. ती चुकली तेव्हा एका परक्या घराचा रिवाज चुकली. तो मीही कधीतरी चुकले होते आणि अजूनही चुकते. मराठीत मात्र मी तिला रिवाज सांगितला नाही. मी तिला सांगितलं की तुझी आई चुकीचं बोलते, आजी चुकीचं बोलते, तुझ्या गल्लीतली सगळी माणसं चुकीचं बोलतात. एवढं सगळं एका ‘ण’मध्ये मावतं.

दुसरं उत्तर जरा अडचणीचं आहे, कारण ते माझ्यावर उलटतं. माझे आजोबा नोकरीच्या निमित्तानं डोंबिवलीत आले. तिचे आजोबा, पणजोबा आणि त्यांच्याही आधीचे या खाडीकाठचेच. आगरी बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘ल’ होतो. कळव्याचा कलवा होतो, ठाण्याला जायचं ते ठान्याला जायचं होतं. म्हणजे तीन पिढ्यांपूर्वी आलेल्या घरातली मी, इथल्याच मातीतल्या मुलीला तिच्या गावांची नावं कशी म्हणायची ते सांगत होते.

आणि त्या नावांचं काय? शिलाहारांच्या ताम्रपटांत ठाण्याचं नाव श्रीस्थानक असं येतं. स्थानकमधला ‘न’ लोकांच्या तोंडी शतकानुशतकं घासला गेला, त्याचा ‘ण’ झाला, आणि ठाणं तयार झालं. आज आपण ‘ठाणे स्थानक’ म्हणतो तेव्हा एकच शब्द दोनदा म्हणत असतो. एकदा झिजलेला, एकदा कोरा. जुन्या पुस्तकांत तर ‘ठाणें’वर अनुस्वारही असायचा. तो उच्चारात उरला नव्हता, म्हणून १९६२च्या लेखननियमांनंतर कागदावरूनही गेला. पाणी हा शब्दही संस्कृतातल्या ‘पानीय’वरून आला. तिथे ‘न’च आहे.

याचा अर्थ तिचा ‘न’ थेट संस्कृतातून चालत आला असा नाही. मुद्दा इतकाच की ‘शुद्ध’ म्हणजे मूळ रूप असेल, तर माझं पाणी आधीच गढूळ आहे. शेजारचे उत्तर भारतीय काका रोज ‘पानी’ म्हणतात, टीव्हीवरची प्रत्येक नटी म्हणते, आणि माझ्या कानाला काहीही होत नाही. म्हणजे कान ध्वनीला हरकत घेत नव्हताच. तो ध्वनी कुणाच्या तोंडून आला, याला हरकत घेत होता. मराठी माणसाच्या तोंडून ‘पानी’ आलं की आपण ऐकता ऐकता त्याचं घर, जात, वस्ती, शाळा असा हिशेब मांडतो. मग त्याला नाव मात्र ‘व्याकरण’ देतो.

हे आजचं नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त जोतीराव फुल्यांवर टीका केली तेव्हा फुल्यांच्या भाषेचीही टर उडवली होती. फुले काय म्हणत होते, त्याआधी ते कसं म्हणत होते, यावर बोट ठेवणं सोपं पडतं. वाक्य अर्धंच तोडता येतं.

*

पण मग दुरुस्त करायचंच नाही का? समजलं म्हणजे झालं, असं म्हणून मोकळं व्हायचं? माझे काही मित्र असंच म्हणतात. मला ते पटत नाही, आणि त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण भाषेचं. अक्षर कुठे तुटतं यानं अर्थ खरोखर बदलतो. तिचंच स्टेशन घ्या. ‘मी दिव्याला जाते’ यात दि-व्या-ला असं म्हणायचं, ‘दि’वर जोर नाही. पण ‘ती त्या दिव्याला सामोरी गेली’ यात दिव्य म्हणजे कठीण परीक्षा, आणि तिथे ‘दिव्’वर आघात येतो: दिव्-व्या-ला. सकाळी साडेआठला दिव्याहून गाडीत चढणाऱ्यांना दोन्ही अर्थ एकच वाटतात, ते सोडा. पुणे शहराचं ‘पुण्याला’ आणि पाप-पुण्यातलं ‘पुण्याला’ यांतही हाच फरक आहे. लिहिताना दोन्ही सारखे, बोलताना वेगळे.

फक्त ‘र’च्या बाबतीत मराठीनं यासाठी वेगळी खूण ठेवली आहे. ‘आचार्यांना बोलवा’ म्हटलं तर गुरुजी येतील, ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हटलं तर स्वयंपाकी. दर्या म्हणजे समुद्र, दर्-या. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, द-ऱ्या. तो ‘ऱ’ म्हणजे वाचणाऱ्याला दिलेली सूचना आहे: इथे मागच्या अक्षरावर आघात करू नकोस. जोर कुठे द्यायचा हे बऱ्याच भाषा खुणेनं सांगतात. आपल्या लिपीनं एका अक्षरासाठी का होईना, जोर कुठे द्यायचा नाही याचीही खूण करून ठेवली, हे मला फार आवडतं.

जुन्या लोकांना या गोष्टीचं भय होतं. त्वष्ट्याची कथा पतंजलीच्या ‘महाभाष्या’तही येते. इंद्राला मारणारा मुलगा व्हावा म्हणून त्यानं यज्ञात ‘इंद्रशत्रु’ हा शब्द उच्चारला. स्वर शेवटच्या अक्षरावर हवा होता. मग अर्थ झाला असता, इंद्राला मारणारा. तो पडला पहिल्या पदावर, आणि अर्थ झाला, इंद्र ज्याला मारणार तो. वृत्र जन्मला आणि इंद्राच्या हातून मेला. बायबलमधली गोष्ट याहून भीषण आहे. नदीच्या उतारावर पहारेकरी उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला ‘शिब्बोलेथ’ म्हणायला लावलं. ज्याला ‘श’ जमला नाही, जो ‘सिब्बोलेथ’ म्हणाला, त्याला तिथेच मारलं. त्या ग्रंथात मेलेल्यांचा आकडा ४२,००० दिला आहे.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मला माझा प्रश्न नीट दिसतो. त्वष्ट्याला कुणीतरी वेळेवर दुरुस्त करायला हवं होतं. ती दुरुस्ती म्हणजे मदत झाली असती. नदीवरच्या पहारेकऱ्याला मात्र उच्चार सुधारायचाच नव्हता. त्याला माणूस ओळखायचा होता. दोघांचाही कान तितकाच तीक्ष्ण. फरक हेतूत. त्या दिवशी मी त्वष्ट्याच्या शेजारी उभी होते की नदीवर? ‘पानी’ म्हटल्यानं तिचा अर्थ जराही बिघडला नव्हता. नळाला काय नव्हतं, ते वर्गात सगळ्यांना कळलं होतं.

*

दुसरं कारण पोटापाण्याचं आहे. ती उद्या मुलाखतीला जाईल. समोर बसलेल्या माणसानं माझ्यासारखा विचार केलेला असेलच असं नाही. प्रमाण मराठी ज्यांना घरातच फुकट मिळाली, त्यांनी ‘बोलीतच बोल, ती किती गोड आहे’ असं सांगणं फार स्वस्त आहे. माझा ‘ण’ मला दार उघडून देतो आणि तिला मी म्हणते की दाराची काळजी करू नकोस. हा अन्यायच आहे, फक्त हसऱ्या चेहऱ्याचा.

हा पेच फक्त आपला नाही. ज्या फ्रान्सची भाषा मी शिकवते, तिथे १७९४ साली आबे ग्रेगवारनं सरकारपुढे अहवाल ठेवला. त्याच्या शीर्षकातच बोलीभाषा नष्ट करण्याची गरज आणि उपाय असे शब्द होते. तोही क्रांतीचा माणूस होता. सगळे नागरिक समान व्हावेत म्हणून सगळ्यांची भाषा एक हवी, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्याच्या हेतूबद्दल शंका घेता येत नाही, आणि तरीही पुढच्या कितीतरी पिढ्यांच्या मुलांनी शाळेत आपल्या आजीची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा भोगल्या.

आजही दक्षिण फ्रान्समधली माणसं मुका ‘ए’ गिळत नाहीत. पॅरिसमध्ये ‘रोझ’ एका अक्षराचं, तिकडे दोन: रो-झे. म्हणजे शब्द कुठे तुटतो, हे तुमचं गाव ठरवतं. २०१८मध्ये झाँ-लुक मेलाँशाँ या बड्या नेत्यानं दक्षिणेच्या ढंगात प्रश्न विचारणाऱ्या महिला पत्रकाराची नक्कल केली आणि कुणी फ्रेंचमध्ये प्रश्न विचारेल का, असं वर विचारलं. पुढे त्यानं त्याबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. नोव्हेंबर २०२०मध्ये तिथल्या कनिष्ठ सभागृहानं बोलण्याच्या ढंगावरून भेदभाव करण्याविरुद्धचं विधेयक पहिल्या वाचनात ९८ विरुद्ध ३ मतांनी मंजूर केलं. मी वर्गात ज्याला ‘बरोबर फ्रेंच’ म्हणते ते कुणाचं बरोबर, हा प्रश्न मी मुलांना कधी विचारला नव्हता. आता विचारते.

मग करायचं काय? मला जे सुचलं ते असं. फ्रेंच शिकवताना मी ‘हे शुद्ध आहे’ असं कधीच म्हणत नाही. ‘तिथे असं म्हणतात, परीक्षेत असं लागतं’ एवढंच म्हणते. प्रमाण मराठीही तशीच शिकवता येते. ती कुणाचीच आईची भाषा नाही असं समजून. काहींचं घर तिच्या जवळ आहे, काहींचं लांब. त्यात जवळच्यांचं कर्तृत्व काही नाही, जसं स्टेशनजवळ घर असण्यात नसतं. मुलाखतीत ‘पाणी’ म्हणावं लागेल, हे तिला माहीत असायला हवं. पण ते ‘इथे हे चालतं’ म्हणून. ‘तुझं चूक’ म्हणून नव्हे. आणि ती विचारेल तेव्हा. किंवा मी तिला बाजूला घेऊन विचारीन, तुला हवंय का, तेव्हा. वाक्याच्या मध्ये, सगळ्यांसमोर, न मागता नव्हे.

यातून अन्याय मिटत नाही, हे मला कळतं. ‘इथे हे चालतं’ असं म्हणताना मी मुलाखत घेणाऱ्याचा कान तसाच राहू देते आणि सगळी मेहनत तिच्याकडूनच घेते. तो कान बदलायचं काम तिचं नाही, माझ्यासारख्यांचं आहे. मागच्या बाकावरून जो हसला त्याला मी त्या दिवशी काही बोलले नाही. तिचा ‘न’ दुरुस्त केला, त्याचं हसणं सोडून दिलं. खरी दुरुस्ती तिथे हवी होती.

*

महिन्याभरानं मी तिला थांबवून माफी मागितली. तिनं लगेच ‘असू द्या मॅम’ म्हटलं, मोठ्यांनी माफी मागितली की मुलं म्हणतात तसं. मग जाता जाता म्हणाली, ‘‘फ्रेंचमध्ये चुकलं की तुम्ही मला पुन्हा वाचायला सांगता. तेव्हा मराठीत पुढे बोल म्हणाला नाहीत.’’

मी घरी येऊन यावर बराच वेळ विचार केला. ती दुरुस्तीबद्दल तक्रार करत नव्हती. दुरुस्तीनंतर मी तिचं म्हणणं ऐकलं नाही, याबद्दल बोलत होती. नळाला पाणी नव्हतं, म्हणून काय झालं? टँकरच्या रांगेत उभी होती? हंडे वाहून गाडी चुकली? मला माहीत नाही. मी ‘पाणी’ या शब्दाशी थांबले आणि पाण्याचं काय झालं ते विचारलंच नाही.

फ्रेंचचा नियम मी इतकी वर्षं शिकवते: वजन मधल्या शब्दावर द्यायचं नाही, बोलणाऱ्याचा दम जिथे संपतो तिथे द्यायचं. म्हणजे जोर कुठे पडणार हे कळायला आधी वाक्य पूर्ण ऐकावं लागतं. हा नियम मी फळ्यावर लिहिला होता. पाळला नव्हता.

या वर्षी ती बारावीला आहे. परवा पुन्हा उशिरा आली. दारातच म्हणाली, ‘‘मॅम, दिव्याला गाडीत चढायलाच मिलत नव्हता...’’ आणि क्षणभर थांबली, माझ्याकडे बघत. मागचे बाकही माझ्याकडेच बघत होते.

मी म्हटलं, ‘‘बरं, मग?’’